दुसऱ्या बाजूच्या घंटा

मी एक जुना रेकॉर्ड प्लेयर आहे आणि माझ्यावर एकदा खोटे बोलल्याचा आळ आला होता. मित्रांनो, माणसावर आळ आला तर तो भांडतो, रडतो, साक्षीदार उभे करतो. मला तोंड नाही. मला फक्त फिरता येते. तेव्हापासून जिवाला जी रुखरुख लागली आहे ती अजून पुरती गेलेली नाही. म्हणून आज सगळे सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बाकांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक बाकावर एकेकच काम चाले. एकीने माझी मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला, तिसरीने माझा हात जोडला. माझा हात म्हणजे ती बारीक नळी, जिच्या टोकाला सुई असते. रेकॉर्डच्या खाचेत जे जे कोरलेले असते ते सगळे आधी या हाताला कळते आणि मग स्पीकरमधून लोकांना ऐकू येते. शेवटच्या बाकावरच्या बाई फार कडक होत्या. त्यांनी माझ्यावर चाचणीची रेकॉर्ड लावली, डोळे मिटून ऐकली आणि माझ्या पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. ती माझी पहिली शाबासकी.

दुकानातून मला दोन मित्रांनी मिळून घेतले. दोघेही बावीस वर्षांचे. गाडीत ठेवले तर हिंदकळेल म्हणून त्यांनी मला आळीपाळीने हातांत धरून घरापर्यंत चालत आणले. एक जण नुकताच वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसू लागला होता. दुसरा एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला होता. मला चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत ठेवायचे ठरले, कारण प्रेसवाल्याच्या घरात पाठ टेकायलाही जागा नव्हती.

पहिल्याच दिवशी प्रेसवाला म्हणाला, "थांब. मोटर गुणगुणतेय."

चष्मेवाल्याला काही ऐकू आले नाही. मला जिथून घेतले त्या दुकानातला मेकॅनिक येऊन गेला, त्यालाही नाही. प्रेसवाल्याने सायकलच्या ट्यूबचा चौकोनी तुकडा कापला, माझ्या डाव्या मागच्या पायाखाली सरकवला आणि म्हणाला, "आता बघ." खरोखरच माझ्या पोटातली गुणगुण थांबली. त्या दिवसापासून सगळे त्याला कानसेन म्हणू लागले. ते नाव पुढे त्याच्या बायकोनेही उचलले. मीही त्याला मनातून मानत होतो. मला स्वतःला न कळलेले माझे दुखणे त्याने ओळखले होते.

त्या काळात एक गिटारवादक फार गाजत होता. जॅझची मोकळी वळणे आणि रॉकचा दणका तो एकत्र मिसळायचा. त्याची बोटे इतकी वेगात पळायची की चाहत्यांनी त्याचे नाव वादळ ठेवले. दर रविवारी सकाळी दुकान बंद असे आणि मागच्या खोलीत वादळाच्या रेकॉर्डी वाजत. कानसेन मधेच बोट वर करून सांगे, "इथे ड्रमवाला अर्धा ठोका चुकला." मग सुई मागे आणून पुन्हा ऐकायचे. चूक असायचीच.

पुढे भूगोलाच्या बाई आल्या. त्या डोळे तपासायला आल्या होत्या, पण आतून गिटार ऐकू आली तशी भिंतीवरची अक्षरे वाचायची सोडून पडद्यामागे डोकावल्या. नंतर पोस्टमास्तर आले. त्यांचा स्वभाव फार गोड. जो सर्वांत शेवटी बोलेल त्याचे त्यांना पटत असे.

मधली काही वर्षे वाईट गेली. कॅसेट आल्या, सीडी आल्या, मग फोनमध्येच गाणी आली. अकरा वर्षे माझ्यावर चादर होती आणि चादरीवर चष्म्याच्या फ्रेमांचे खोके. माझा पट्टा वाळून गेला. मित्रांनो, ज्याचे कामच फिरायचे आहे त्याला एका जागी बसवून ठेवणे ही मोठी शिक्षा आहे. शेवटी चष्मेवाल्याच्या सुनेने चादर काढली, मला पुसले, नवा पट्टा मागवला आणि विचारले, "बाबा, हे चालू स्थितीत असताना आपण फोनवर काय ऐकत बसलोय?" पुढच्याच रविवारी चौघे पुन्हा जमले. चौघांचेही केस पिकले होते.

आणि मग बातमी आली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या वादळाने नऊ वर्षांनी नवा अल्बम काढला होता. साथीला कोणीही नाही. सगळे एकट्याने वाजवलेले. नाव होते 'उतार'.

रेकॉर्ड हातात पडायच्या आधीच भांडण सुरू झाले. कानसेन म्हणाला, "नावच बघा. स्वतःच कबूल केलंय. उतारवय!"

"ताप उतरतो, तोही उतारच असतो," बाई म्हणाल्या. "आणि नदीला पुढे जायला उतारच लागतो. नववीला शिकवायचे मी."

"अगदी बरोबर," पोस्टमास्तर म्हणाले.

त्या रविवारी चष्मेवाल्याने माझी सुई अलगद खाली ठेवली. पहिल्या बाजूला फक्त गिटार होती. संथ, एकेक सूर सुटा सुटा. बाजू संपली तशी कानसेनने मान हलवली.

"हात थकलेत त्याचे. पूर्वी एका दमात चाळीस सूर घ्यायचा. आता एक घेतो आणि बसून राहतो."

"त्याला आता घाई नाहीये," बाई म्हणाल्या. "चाळीस सुरांत जे शोधत होता ते त्याला एकात सापडलंय."

"सापडलं नाही, बाई. संपलंय."

चष्मेवाल्याने रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एक जागा आहे. तिथे गिटार जवळजवळ थांबते आणि चार मिनिटे फक्त बारीक घंटा वाजतात. काचेच्या ग्लासवर नखाने टिचकी मारावी तितक्या बारीक. या घंटाही वादळाने स्वतःच वाजवल्या आहेत. माझ्या हाताला त्या मुंगी चालावी तशा जाणवत होत्या, एकेक वेगळी. बाईंचे डोळे भरून आले. पोस्टमास्तर तोंड उघडे टाकून बसले होते.

कानसेन म्हणाला, "हे काय? चार मिनिटं कोरी सोडलीत? याला रेकॉर्ड म्हणतात?"

"कोरी?" बाई म्हणाल्या. "अहो, मग त्या घंटा?"

"कसल्या घंटा?"

सगळे हसले. त्यांना वाटले, तो वादळाची टर उडवतोय. पण कानसेन हसला नाही. त्याने आवाज वाढवला, स्पीकरला कान लावला, मला वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ताठ उभा राहून म्हणाला, "सुई गेलीय याची. झिजलेली सुई खाचेत किरकिरते. ती किरकिर तुम्हाला घंटा वाटतेय."

"मला वाटलंच होतं," पोस्टमास्तर म्हणाले. "जरा किरकिरच होती ती."

मित्रांनो, मी काय करणार? ज्याने माझी गुणगुण ओळखली होती, तोच मला खोटा ठरवत होता. आणि बाकीच्यांनी ते मानले, कारण कान म्हणजे कानसेनचे, हे पंचेचाळीस वर्षे ठरलेले होते. चष्मेवाल्यानेही माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. आठवडाभर मला चैन नव्हते. मीच किरकिरत असेन का? माझा हात मला फसवत असेल का?

कानसेनने स्वतः नवी सुई आणून बसवली. पुढच्या रविवारी पुन्हा दुसरी बाजू लागली. आता तर घंटा आणखी स्वच्छ येत होत्या. भिंती, आरसे, चष्म्यांच्या काचा, सगळीकडून त्या वाजत होत्या. आणि त्या वाजत असतानाच कानसेन खुशीत येऊन म्हणाला, "बघा! गेली की नाही किरकिर? आता कशी स्वच्छ शांतता आहे."

पोस्टमास्तर मान डोलवायला गेले आणि मधेच थांबले.

नेमके तेव्हाच कोपऱ्यातले, काचेवर रंग चढवायचे, गुपचूप चालणारे यंत्र थांबले. सोमवारी पहाटे गावाला निघणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी चष्मेवाल्याने त्यात एक काच लावून ठेवली होती. काम झाले की ते यंत्र बारीक आवाजात पीं, पीं करत राहते. बाईंनी वळून पाहिले. पोस्टमास्तरांनीही. यंत्राला पाठ लावून उभा असलेला कानसेन मात्र हातवारे करून बोलतच राहिला. यंत्र त्याच्या कोपराशी ओरडत होते.

चष्मेवाल्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून त्यांना काय दिसत नाही हे शोधणारा माणूस तो. त्याला समजायला दोन क्षण पुरले. चौतीस वर्षे कानसेन त्या पत्रा दाबायच्या प्रेसशेजारी उभा होता, कानांत कापसाचा बोळासुद्धा न घालता. मोठे, जाड आवाज त्याला नीट येत होते. बारीक आवाज केव्हाच निघून गेले होते, आणि गेले हेही त्याला कळले नव्हते.

"अहो, पण आत्ताही तर..." बाईंनी सुरुवात केली.

"हो, गेली किरकिर," चष्मेवाला घाईने म्हणाला. "सुईच होती."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. कानसेन आता जिंकला होता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही आपले नकाशे बघा. कान आमच्यावर सोडा." बाईंनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

मग कानसेनने सांगितले की पुढच्या शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये चाहत्यांची चर्चा ठेवली आहे, 'उतार'वर. तो तिथे बोलणार होता. "साठेक माणसं येतील. सगळ्यांना सांगतो, खराब सुईची किरकिर ऐकून रडू नका म्हणून."

तो गेल्यावर चष्मेवाल्याने माझे झाकण लावले. मला वाटले, तो निदान माझ्यावरून हात फिरवेल. पण त्याने मला उचलून खालच्या फळीवर, काचांच्या खोक्यांमागे ठेवले. मित्राची अब्रू राखायला त्याने दोष माझ्यावर ढकलला होता, आणि आता त्याला माझ्याकडे बघवत नव्हते. मला त्याचा राग आला. पण खरे सांगतो, त्याहून जास्त काळजी वाटली. साठ माणसांसमोर कानसेन उभा राहणार, आणि सगळ्यांच्या कानांत घंटा वाजत असताना म्हणणार, इथे काहीच नाही.

गुरुवारी कानसेनची बायको दुकानात आली. चष्म्याची दांडी सैल झाली होती. चष्मेवाला तिला वहिनी म्हणायचा.

स्क्रू आवळता आवळता त्याने विचारले, "वहिनी, हा घरी कसा आहे?"

"तुम्हालाही कळलं तर, भाऊजी," वहिनी म्हणाली. "टीव्ही एवढा मोठा लावतात की वरचे लोक बातम्यांना आमच्याकडे कान लावून बसतात. कुकर शिट्ट्या मारून थकतो. काही म्हटलं की माझ्यावरच, की तुम्ही सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता."

"मग तुम्ही सांगत का नाही त्याला?"

"माझं त्यांना ऐकू येत नाही, आणि आलं तरी ते ऐकत नाहीत." ती हसली, मग तिने आवाज खाली आणला. "ते नाव आहे ना, भाऊजी, कानसेन. कारखान्यात नुसता आकडा होता त्यांना. हे नाव तुम्ही दिलंत. ते मी माझ्याच तोंडाने कसं काढून घेऊ?"

ती गेल्यावर चष्मेवाला बराच वेळ तो छोटा स्क्रू-ड्रायव्हर बोटांत फिरवत बसला. मग त्याने दोन फोन केले.

शुक्रवारी दुपारी दुकानाचे शटर अर्धे खाली आले. बाई आल्या. "मी त्यांच्यासाठी नाही, त्या रेकॉर्डसाठी आलेय," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्यावरही माझा राग आहे, चष्मेवाले. तुम्हाला ऐकू येत होतं."

"येत होतं," तो म्हणाला. त्याने मला खोक्यांमागून काढले आणि टेबलावर ठेवले.

कानसेन आला तो चर्चेचे कागद घेऊनच. "काय रे, बाईंची माफी मागायला बोलावलंस की काय?"

"बस," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याला डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसवले. समोर दोन साध्या खुर्च्या मांडल्या, पाठीला पाठ लावून. एकीवर बाई बसल्या, एकीवर तो स्वतः. "आम्हाला एकमेकांची बोटं दिसत नाहीयेत, हे नीट बघून घे. घंटा ऐकू आली की आम्ही बोट वर करू. तूही कर."

"हा काय पोरखेळ?"

"माझ्यासाठी कर."

माझी सुई दुसऱ्या बाजूच्या त्या जागेवर आली. मित्रांनो, मी त्या दिवशी जितक्या इमानाने फिरलो तितका कधीच फिरलो नसेन. पहिली घंटा वाजली. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांची बोटे एकाच क्षणी वर गेली. खाली आली. मग दोन लागोपाठ घंटा. दोन्ही बोटे दोनदा वर. मग मोठा खंड. बोटे खाली, दोघेही वाट पाहत. मग पुन्हा, एकाच क्षणी.

कानसेन आधी हसत होता. मग त्याचे हसू गेले. तो खुर्चीत पुढे सरकला. त्याने दोघांच्या डोळ्यांकडे पाहिले, बाईंचे मिटलेले होते. तो त्या बोटांकडे बघत राहिला. त्याचे स्वतःचे बोट मांडीवर होते, आणि ते एकदाही वर गेले नाही.

चार मिनिटे संपली. सुई आपोआप उचलली गेली.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"तुझं कधीपासून ते मला माहीत नाही. मला कळलं गेल्या रविवारी."

"आणि तू सुईवर ढकललंस?"

"हो."

"मला सांगायचं सोडून?"

चष्मेवाल्याने मान खाली घातली. "रोज दहा जणांना सांगतो मी, तुमचे डोळे गेले म्हणून. तुला सांगताना जीभ उचलेना."

कानसेन खुर्चीतून उतरला. त्याचे कागद खाली पडले, ते त्याने उचलले नाहीत. "पंचेचाळीस वर्षांत तू माझ्याशी एकदाच खोटं बोललास," तो म्हणाला, "आणि तेही माझ्या कानांबद्दल." शटरखालून वाकून तो निघून गेला.

शनिवारी मला रिक्षाने वाचनालयाच्या हॉलमध्ये नेले. चष्मेवाल्याने मला मांडीवर घेतले होते. प्रत्येक खड्ड्याला तो मला दोन्ही हातांनी घट्ट धरत होता. कानसेन येईल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हते. आला तर काय बोलेल, हे तर त्याहून नाही.

हॉल भरला. दोन्ही बाजू वाजून झाल्या आणि वाद पेटला. एक दाढीवाला म्हणाला की हा अल्बम म्हणजे निवृत्तीचा अर्ज आहे. एका नर्सने उठून सांगितले की आठ तास वॉर्डात काढल्यावर तिला हीच रेकॉर्ड लागते, वेगवाली नाही. कोणी म्हणाले, वादळाने वादळच राहायला हवे. कोणी म्हणाले, त्याने किती वर्षे आपल्यासाठी धावायचे? पोस्टमास्तर प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होते.

मग मागच्या दारातून कानसेन आला, सोबत वहिनी. सूत्रसंचालकाने त्याचे नाव पुकारले. तो पुढे आला. हातात कागद नव्हता.

"मी इथे सांगणार होतो की दुसऱ्या बाजूच्या शेवटी काहीच नाही," तो म्हणाला. "तिथे घंटा आहेत. मला त्या ऐकू येत नाहीत. प्रेसवर होतो, कान तिथेच राहिले. मला कळलंच नाही." त्याने टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे बोट दाखवले. "मी मशीनला खोटं ठरवलं. आणि भूगोलाच्या बाईंना जे बोललो ते बोलायला नको होतं. पहिल्या बाजूबद्दल माझं मत आहे, ते मी भांडून सांगेन. दुसरीबद्दल बाईंनी बोलावं. मला ऐकायचंय ते. जरा मोठ्याने, बाई."

बाई उठल्या. घसा साफ केला आणि शेवटच्या रांगेतल्याला ऐकू जाईल अशा, नववीच्या वर्गावर ओरडायच्या आवाजात त्या एकेका घंटेबद्दल बोलल्या. कानसेन पहिल्या रांगेत बसून त्यांच्या ओठांकडे बघत होता. शेजारची खुर्ची रिकामी होती. चष्मेवाला थोडा घुटमळला, मग जाऊन तिच्यावर बसला. कानसेनने त्याच्याकडे पाहिले नाही, पण पाय बाजूला घेऊन जागा करून दिली.

पुढच्या महिन्यात वहिनी त्याला कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आता त्याच्या दोन्ही कानांमागे बारीक यंत्रे असतात. ती लावून त्याने दुसरी बाजू ऐकली. सगळे त्याच्या बोटाकडे बघत होते.

"आल्या," तो म्हणाला. "पण पत्र्यासारख्या येतात. तुम्ही म्हणता तशा नाहीत." मग कानामागचे यंत्र बोटाने नीट बसवून पुढे म्हणाला, "आणि एक सांगू? अल्बम मला अजूनही आवडला नाही. हात थकलेतच त्याचे."

"तुम्हाला काही कळत नाही!" बाई आनंदाने ओरडल्या, आणि भांडण पुन्हा सुरू झाले. मी इतका खूश क्वचितच झालो असेन.

तरीही पूर्वीचे सगळे परत आले नाही. कानसेन आता बोट वर करून ड्रमवाल्याची चूक दाखवत नाही. कधी कधी यंत्रे काढून खिशात ठेवतो आणि नुसता बसून राहतो. तेव्हा चष्मेवाला आवाज वाढवत नाही, काही विचारतही नाही.

मित्रांनो, तुमचे कान जपा. मोठ्या आवाजाशेजारी काम पडले तर ते झाका. ते जाताना दार वाजवून जात नाहीत. समोरच्याला ऐकू येते आणि तुम्हाला येत नाही, असे झाले तर आधी यंत्रावर आणि माणसांवर दोष टाकू नका. आणि मित्राचे काही हरवले आहे हे तुम्हाला आधी कळले, तर त्याला हसू नका, आणि गप्पही बसू नका. त्याचा हात धरून सांगा.

मीही म्हातारा होतो आहे. एक दिवस माझा वेग कमी होईल आणि मला वाटेल, गाणेच संथ आहे. मला स्वतःला ते कळणार नाही. तेव्हा तुमच्यापैकी जो कोणी जवळ असेल, त्याने मला सांगावे.